तांब्यातलं पाणी

माझी कविता संपायच्या आतच आई उठून उभी राहिली.

महाडला आमच्या गल्लीतल्या महिला मंडळाचा कार्यक्रम होता. पोलादपूरच्या वरच्या वाडीवरून तिला मीच बोलावून घेतलं होतं आणि मुद्दाम पहिल्या रांगेत बसवलं होतं. 'आई, तुझे हात आता थरथरतात, तांब्यातलं पाणी सांडतं' इथपर्यंत मी आले, मागे दोघीतिघींनी पदर डोळ्यांना लावला.

"थांब गो," आई म्हणाली. "कवा सांडलं पानी?"

"आये, कविता आहे ती."

"मग कवितेतल्या आयशीचं लिव. मी हितं धडधाकट बसलेय."

हशा झाला. मंडळाच्या सरिताताई समजुतीने म्हणाल्या, "मंजुळाबाई, लेकीचा जीव आहे हो तुमच्यावर. तिकडे एकट्या कशाला राहता? या की खाली हिच्याकडे." चारपाच माना डोलल्या.

आईने माझ्याकडे बघितलं. "आत्ता समजलं. वाडीवर दोनदा नाय म्हटलं, म्हून हितं पंचायत बसवलीस व्हय?"

खोटं कशाला सांगू, थोडं तसंच होतं. आबा गेल्यापासून तीन वर्षं मी तिच्यावर नजर ठेवून आहे. वाडीवर गेले की आधी आमटीतलं मीठ बघते. तीच गोष्ट तिने दुसऱ्यांदा सांगितली की मोबाइलमध्ये तारखेसकट टिपून ठेवते. पायरी चढताना तिचा हात भिंतीला लागला तरी मी मागे जाऊन उभी राहते. सेजलची, माझ्या चार वर्षांच्या लेकीची, उंची मी दारावर लिहिते. आईची मनातल्या मनात मापते.

"रविवारी ये," आई सगळ्यांदेखत म्हणाली. "कवळ तोडायचा हाय. ऐनावर चढते तुझ्यासमोर. हात थरथरला तर तूच माझी पिशवी भर, गुमान येते तुझ्या संगती. नाय थरथरला तर ती कविता फाड."

रविवारी माझ्या नवऱ्याची, रितेशची, कंपनीत पहिली पाळी होती. म्हणून सेजलला घेऊन मी एसटीनेच वाडी गाठली. भाताच्या रोपांची जागा भाजायला फांद्या लागतात, तोच कवळ; माघात तोडून वाळवायचा. आबा असताना ते चढायचे. आईने कासोटा घट्ट केला, कंबरेच्या आकडीला कोयता अडकवला आणि बांधावरच्या ऐनाच्या झाडाला हात घातला.

"आये, खालच्याच फांदीवर थांब."

"खालची गेल्या साली तोडली. तुझ्या कवितेला इचारून नाय वाढत झाड."

मी दोन्ही हात पसरून बुंध्याशी उभी राहिले, जशी काही मी तिला झेलणारच होते. वर कोयत्याचा आवाज. लांब उभी राहून सेजल पडणाऱ्या प्रत्येक फांदीला टाळ्या वाजवत होती. एकदा आईचा पाय घसरला, सालीचा तुकडा माझ्या कपाळावर पडला. मी किंचाळले.

"बोंबलू नको! माझं ध्यान जातं."

शेंडा तेवढा ठेवून ती खाली उतरली, बांधावर बसली. मी तांब्या पुढे केला. तिने तो उजव्या हातात घेतला आणि हात थरथरला. पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. मी दुसरीकडे बघितलं.

"आजी, सांडलं," सेजल म्हणाली.

"सांडलं बाय." आईने कोपर पदराला पुसलं. "समदं झाड उतरवलं, त्या हातानं सांडलं. श्रुते, भर पिशवी. बोलले ते मोडत नाय मी."

आणि ती उठली. खरंच उठली, घराकडे चालायला लागली.

मी दोर ओढला. फांद्या एकावर एक रचल्या, गुडघा देऊन आवळल्या.

"काय करतेस गो?"

"भारा बांधते. उचलायला हात लाव."

कॉलेजला गेल्यापासून डोक्यावर भारा घेतला नव्हता. दहा पावलांत मान लटपटली, मग गुडघे. मागून आईचं हसू ऐकू आलं, अगदी खोकला येईस्तोवर.

"अगो, तू तर समदीच थरथरतेस! मीच येऊ का महाडला, तुला सांभाळायला?"

"नको, तू इथेच राहा!" मी भाऱ्याखालून ओरडले. "मी येईन दर रविवारी."

"ये की. पन तो मोबाइल घरी ठेवून ये. मीठ बघतेस ते दिसतं मला."

थोडं पुढे गेल्यावर म्हटलं, "कविता फाडते."

"फाडू नको. पानी सांडलं ते ऱ्हाऊ दे, खरं हाय. पन झाड घाल त्यात." मग जरा थांबून, "आन् सरळ चाल. पाला सांडतोय तुझा."