लिलाव्यांची जोडी

पोळ्याच्या सकाळी बन्सीनं बैलांची शिंगं रंगवली, झुली चढवल्या आणि मनाशी ठरवून टाकलं, की ही जोडी येत्या बाजाराला घोडेगावला विकायची. वेशीतल्या तोरणाखालून साऱ्या गावाच्या मागं जायचं, हे पासष्टाव्या वर्षी त्याच्याच्यानं आता होत नव्हतं.

मागं का, तर आज्यामुळं. इंग्रजाच्या राज्यात गावानं शेतसारा भरायचा नाही असं ठरवलं. सरकारनं पाटलांची बैलजोडी जप्त करून चावडीपुढं लिलावाला काढली. कुणी बोली बोलायची नाही, असा गावाचा ठराव होता आणि बन्सीच्या आज्यानं नेमकी बोली लावली! तेव्हापासून घराला नाव पडलं ‘लिलावे’ आणि पोळ्याला जागा मिळाली शेवटची. इंग्रज गेला, ट्रॅक्टर आले, पण गाव कसलं विसरतंय! उपकार असता तर चार दिवसांत विसरलं असतं.

वेशीपाशी पहिल्या मानाची जोडी घेऊन रंगनाथ पाटील उभा होता. बन्सी थेट त्याच्यापुढं गेला.

“पाटील, औंदा शेवटचं. जोडी घोडेगावला इकतोय. फुडल्या साली मागं दुसरं कुनी उभं करा.”

रंगनाथच्या शेजारी खुर्चीवर त्याची नव्वदीची आई, रतनबाई, बसली होती. ती काठी टेकत उठली.

“इकू नको बन्सी. तुझ्या आज्यानं बोली लावली नसती, तर आमची बैलं परगावच्या दलालानं नेली असती. त्यानं ती घेतली आन् तिसऱ्या दिशी माझ्या सासूच्या माहेरी मिरजगावला पोचती केली. एक पैसा घेतला न्हाई.”

वेशीतली माणसं म्हातारीच्या जवळ सरकली.

“सरकारला कळलं असतं तर पुन्ना जप्ती आली असती. म्हनून त्यानं आन् माझ्या सासऱ्यानं खंडोबाचा भंडारा उचलून शपत घेतली, कुनाला सांगायचं न्हाई. मरताना सासऱ्यानं मला सांगितलं, आन् मलाबी भंडारा उचलाया लावला.”

“अगं पन इंग्रज जाऊन किती सालं झाली, आई!” रंगनाथ ओरडलाच.

“इंग्रज गेला. शपत उतरवायचं कुनी बघितलं न्हाई.” म्हातारीचा आवाज खाली आला. “आन् खरं सांगू? आपल्याला ती सोयीची हुती. पयला मान आपलाच ऱ्हायला.”

बन्सीला खरं तर राग यायला हवा होता, म्हातारीचा आणि पोटच्या पोरांनाही न सांगता मेलेल्या त्या हट्टी आज्याचाही. पण राग काही येईना. उरावरचा धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवला होता आणि त्याला नुसता मोकळा श्वास घ्यावासा वाटत होता. आपला आज्या फितूर नव्हता. एवढंच तो मनात पुन्हा पुन्हा म्हणत राहिला आणि डोळे पुसत राहिला.

रंगनाथनं आपली जोडी मागं ओढली. “बन्सीदादा, फुडं व्हा. आन् घोडेगावचं काय?”

“कुनाला जायचंय घोडेगावला!”

पण बैलं हलेनात. सारं गाव पुढं गेल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही, हीच त्यांची सवय. रंगनाथनं मागून थोपटलं, चुचकारलं. व्यर्थ! शेवटी बन्सीनं कासरा खांद्यावर घेतला, पागोटं सारखं केलं आणि तोरणाखालून आधी स्वतःच गेला. मग बैलं त्याच्यामागून आली.