भरलंय, सर

दिनानाथ राऊत पहिल्यांदा खोटं बोलला तेव्हा त्याच्या एका हातात फोन होता आणि दुसऱ्या हाताने तो टेम्पोत ठेवलेले खोक्यांचे गठ्ठे मोजत होता. इतकं सहज बोलून गेला, की फोन खिशात टाकल्यावरही मोजणी चुकली नाही.

वसई पूर्वेला त्याचा एक गाळा होता. केकची, मिठाईची, पॅटिसची पुठ्ठ्याची खोकी तिथे बनत. दोन मशीन, पाच माणसं आणि अठरा वर्षांचा धंदा. उमेळ्यातली वडिलांची वाडी बिल्डरकडे गेली, तेव्हा भावांनी फ्लॅट घेतले आणि याने मशीन घेतली. लोक त्याला खोकीवाले राऊत म्हणत, आणि ते त्याला आवडत असे.

फोन सेबॅस्टियन सरांचा होता. मराठी शाळेतून निवृत्त झाल्यावर सर पापडीच्या तुस्कानो बेकरीचे हिशेब बघत. दिनानाथची खोकी या बेकरीत अगदी सुरुवातीपासून जात होती.

"राऊत, तुमची जानेवारीपासूनची बिलं आमच्याकडे दिसत नाहीत," सर म्हणाले. "बेकरीने तुम्हाला जीएसटी दिलाय, पण तुम्ही रिटर्न भरल्याशिवाय आम्हाला त्याची वजावट मिळत नाही. दोन महिने मी थांबलो. भरलंय ना?"

"भरलंय, सर. पोर्टलचा घोळ असेल. दिसेल दोन दिवसांत."

"नक्की? मग तुमच्या शब्दावर वजावट घेतो या वेळी."

"घ्या की."

भरलेलं काहीच नव्हतं. फेब्रुवारीत मुलीचा, हेमांगीचा, साखरपुडा झाला. मुलाकडची माणसं बोरिवलीची. दिनानाथने हॉल घेतला, चारशे पानं उठवली, स्टेजवर निशिगंधाच्या माळा सोडल्या. जानेवारीचा कर त्याच्या खात्यात होता, तो हॉलवाल्याला गेला. पुढच्या महिन्यात दोन्हीचा एकदम भरू, असं त्याने ठरवलं. पुढच्या महिन्यात केटरर दारात येऊन बसला. मग जुना भरल्याशिवाय नवा भरता येत नाही हे कळलं, आणि जुना तर दर महिन्याला वाढतच चालला. त्याचे रिटर्न भरणारी विनिता मेसेज पाठवायची, "काका, या महिन्याचं काय करायचं?" तो मेसेज उघडायचा नाही. उघडला नाही म्हणजे आला नाही, असं एखाद्या शाळकरी पोरासारखं त्याने मनाशी धरलं होतं.

जुलैमध्ये बेकरीला सरकारी नोटीस आली. जास्तीची वजावट घेतली म्हणून कर परत भरा, वर व्याज भरा.

त्याच आठवड्यात तो माल घेऊन पापडीला गेला. बेकरीची मालकीण प्रिस्काबाय गल्ल्यावर होत्या. नवरा गेल्यानंतर दोन मुलांना वाढवत त्यांनी एकटीने ही बेकरी चालवली होती. त्यांनी त्याला आत बोलावलं, बसायला स्टूल दिलं, चहा सांगितला.

"दिनानाथभाऊ, एक विचारते, राग मानू नका," त्या म्हणाल्या. "सर म्हणतात, तुम्ही टॅक्स भरला नाही म्हणून नोटीस आली. मी म्हटलं, असं होणार नाही. मी भाऊंना समोरच विचारते. तुम्ही भरला होता ना?"

आता सांगावं, असं त्याच्या मनात आलं. खरंच आलं. पण भट्टीकडून चहा आणणारी बाई मधेच आली, तिने कप पुढे केला, त्याने तो घेतला, आणि कप हातात घेतलेल्या माणसाने जसं बोलावं तसं तो म्हणाला, "हो, भरलाय ना."

"मग झालं," प्रिस्काबाय म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला त्याला स्पष्ट दिसला. "सरांचंच काही चुकलं असणार. डोळ्यांना हल्ली कमी दिसतं त्यांना."

दिनानाथने चहा संपवला. तो गोड होता एवढंच त्याला कळलं.

पुढच्या आठवड्यात तो पुन्हा गेला, तेव्हा गल्ल्यामागच्या टेबलाशी लॅपटॉप घेऊन एक मुलगी बसली होती. सर तिथे नव्हते. त्यांचा चष्म्याचा डबा खिडकीत असायचा, तोही नव्हता.

"सरांना म्हटलं, आता आराम करा," प्रिस्काबाय पावती फाडता फाडता म्हणाल्या. "किल्ली ठेवली नि गेले. वाईट वाटलं मला. पण किती चुका सांभाळायच्या, भाऊ?"

टेम्पो सुरू करायला दिनानाथला दोनदा किल्ली फिरवावी लागली. रस्त्यात त्याने एका कडेला गाडी थांबवली. कुणी ओळखीचं बघेल म्हणून पुन्हा चालू केली. आजवर त्याच्या हिशेबी हे प्रकरण त्याचं आणि सरकारचं होतं. सरकारला चेहरा नसतो. सरांना होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने बायकोला, सुशीलाला, सगळं सांगितलं. घरामागे उरलेल्या चार गुंठ्यांत ती अनंताची फुलं तोडत होती. तिने तोडणं थांबवलं नाही. सगळं ऐकून झाल्यावर तिने एकच विचारलं.

"हॉल कुणी मागितला होता?"

"कुणीच नाही."

"हेमांगीच्या सासऱ्यांनी काय सांगितलं होतं?"

"अंगणात करू म्हणाले होते. घरच्या घरी."

"मग?"

उत्तर होतं, पण ते बायकोसमोर उच्चारण्यासारखं नव्हतं. भावांच्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला हॉल होते. खोकीवाल्याच्या मुलीचाही असावा, एवढंच ते होतं.

"माझ्या नावाची ठेव आहे बँकेत," सुशीला म्हणाली. "ती मोडा. पण पैसे भरलेत म्हणजे झालं असं समजू नका. त्या मास्तरांचं काय, ते बघा आधी."

ठेव मोडून तो चंदनसारला विनिताच्या ऑफिसात गेला. ती ओरडेल अशी तयारी करूनच तो गेला होता. ती ओरडली नाही. तिने पंखा त्याच्याकडे वळवला आणि कागद पुढे ओढला.

"सहा महिने झालेत, काका. अजून लांबलं असतं तर नंबर रद्द करायची नोटीस आली असती. जानेवारीपासून ओळीने भरत येऊ. कर, त्यावर अठरा टक्क्यांनी व्याज आणि दर रिटर्नचा उशिराचा दंड. दंड फार नाही. तुम्ही तेव्हाच सांगितलं असतं तर व्याजही फार नसतं."

"तुला काय सांगणार होतो?"

"पैसे नाहीत, एवढंच. माझ्याकडे निम्मी माणसं तेच सांगायला येतात."

हे ती सहज म्हणाली, पण त्याला ते ओरडण्यापेक्षा जास्त लागलं. दुपारपर्यंत चलनं भरून झाली. सगळं मिळून एक लाख चौऱ्याण्णव हजार. बेकरीचं काय, असं त्याने विचारलं, तेव्हा विनिता म्हणाली, "त्यांनी परत भरलेला कर आता त्यांना पुन्हा वजावटीत घेता येईल. व्याज मात्र गेलं. ते तुम्ही द्यायला हवं. कायद्याने नव्हे, आपलं तसंच."

दुसऱ्या दिवशी तो पापडीला गेला, तेव्हा त्याच्याकडे माल नव्हता. चलनांच्या प्रती होत्या आणि व्याजाचे पैसे घातलेलं पाकीट. प्रिस्काबायनी विचारलं, "आज रिकामे?" त्याने कागद गल्ल्यावर ठेवले.

"मी भरलं नव्हतं," तो म्हणाला. "सर खरं बोलत होते. मी तुमच्यासमोर खोटं बोललो. काल भरलं सगळं."

त्यांनी कागद उचलले. एकेक करून सगळे पाहिले, तारखांवरून बोट फिरवलं. टेबलाशी बसलेल्या मुलीने मान खाली घातली.

"कशासाठी लागले होते पैसे? आजारपण होतं का घरी?"

आजारपण असतं तर किती बरं झालं असतं, असं त्याच्या मनात येऊन गेलं, आणि त्या विचाराचीही त्याला लाज वाटली.

"साखरपुड्यासाठी."

"मी आले होते साखरपुड्याला," प्रिस्काबाय म्हणाल्या. "तीन किलोचा केक पाठवला होता, भेट म्हणून. म्हणजे मी जेवले तेही माझ्याच पैशांनी."

त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर त्याला ऐकून घेता आलं असतं. त्या नुसत्या त्याच्याकडे बघत होत्या, अठरा वर्षं बघितलेल्या माणसाकडे पुन्हा पहिल्यापासून बघावं तशा.

"सरांना मी काय बोलले ते तुम्हाला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या दोन्ही मुलांना त्यांनी शिकवलंय. त्यांना मी म्हटलं, तुमच्यामुळे माझं नाव खराब झालं."

"मी तुमच्याबरोबर येतो. आपण दोघं जाऊ त्यांच्याकडे."

"नाही. मी जाईन संध्याकाळी. तुम्ही आधी जा, एकटे. मी बरोबर आले तर तुम्ही माझ्या मागे उभे राहाल."

पाकीट त्यांनी ठेवून घेतलं. मोजलं आणि मग ठेवलं. याआधी त्याच्यासमोर त्यांनी कधी मोजलं नव्हतं.

सरांचं घर चर्चच्या मागच्या गल्लीत होतं. ते ओट्यावर बसून जुन्या छत्रीची तार बसवत होते. दिनानाथ पायरीपाशी उभा राहिला आणि रस्ताभर जुळवलेलं सगळं विसरून म्हणाला, "सर, मी भरलं नव्हतं."

"माहीत आहे," सर म्हणाले. "बसा."

"तुम्हाला माहीत होतं?"

"कुठल्याही नंबरचं रिटर्न भरलंय की नाही ते पोर्टलवर कुणालाही दिसतं. मी ते नोटीस आल्यावर बघितलं. आधी बघायला हवं होतं, ती चूक माझी. तुम्ही शब्द दिलात म्हणून बघितलं नाही."

"मग बाईंना दाखवलं का नाहीत?"

"दाखवलं. त्या म्हणाल्या, पोर्टल चुकत असेल, मी त्यांनाच विचारते. त्यांनी विचारलं, तुम्ही हो म्हणालात." सरांनी तार दाताने वाकवली. "दोघांपैकी एकाचं खरं धरायचं होतं. त्यांनी तुमचं धरलं. अठरा वर्षांची ओळख आहे, मीही कदाचित तेच केलं असतं."

आतून सरांची बायको एलिना पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिने दोघांकडे पाहिलं. "काय झालं?"

"काही नाही," सर म्हणाले. "राऊत सहज आलेत. डोळे दुखतात म्हणून काम सोडलं, तर चौकशीला आले." मग दिनानाथकडे न बघता ते हळूच म्हणाले, "घरी मी तेवढंच सांगितलंय."

इथे गप्प बसता आलं असतं. सरांनीच वाट करून दिली होती. दिनानाथने पाणी घेतलं नाही.

"मावशी, डोळ्यांचं नाही," तो म्हणाला. "मी टॅक्स भरला नाही आणि भरला म्हणून दोनदा सांगितलं. त्यामुळे सरांचं काम गेलं. सरांची चूक नव्हती."

एलिनाने तांब्या ओट्यावर ठेवला. मग नवऱ्याला म्हणाली, "आठवडाभर तुम्ही जेवत नव्हतात ते यासाठी?"

सरांनी छत्री उघडली, मिटली. "राऊत, तुम्ही निघा आता," ते म्हणाले. आवाज कडक नव्हता. "आलात ते बरं केलंत. पण आत्ता निघा."

संध्याकाळी प्रिस्काबाय सरांकडे गेल्या. तिथे काय बोलणं झालं ते दिनानाथला कळलं नाही, त्याने विचारलंही नाही. सर पुन्हा कामावर आले नाहीत. महिन्यातून दोन सकाळी येतात, त्या मुलीला शिकवतात आणि बारा वाजता घरी जातात, एवढं मात्र त्याला टेम्पोतून दिसलं.

बेकरीची ऑर्डर तुटली नाही. पण प्रिस्काबायनी नवीन पद्धत ठरवली. खोक्यांचे पैसे माल उतरला की मिळतात. कराचे मात्र त्याने आधी स्वतःच्या खिशातून भरायचे, भरल्याचं दाखवायचं, मगच मिळतात. त्याने मान्य केलं. दर महिन्याला विसाव्या तारखेच्या आसपास तो चलनाची प्रत घेऊन जातो. गल्ल्यावर गर्दी असते, पाव घ्यायला आलेली ओळखीची माणसं असतात. प्रिस्काबाय चष्मा लावून कागद वाचतात, वरपासून खालपर्यंत, पाव देता देता. तेवढा वेळ तो बाजूला उभा राहतो. कुणी विचारतं, "काय राऊत, आज इकडे?" पहिल्या महिन्यात तो म्हणाला होता, असंच. आता म्हणतो, टॅक्स भरल्याची पावती दाखवायला आलोय.