छबुबाईचं लिंपण

मी गवंडी आहे, आणि गवंड्याला आपल्या कामाचा माज असतो. माझा जरा जास्तच होता.

दोन हजार तेराचा मे महिना. चौसाळ्याच्या अलीकडं माळावर आमच्या दूध सोसायटीची चारा छावणी लागली होती. गावात प्यायला पाणी नाही, म्हणून जनावरांबरोबर माणसंही तिथंच राहायला आली. निवाऱ्याचा विषय निघाला तेव्हा सोसायटीच्या बैठकीत मी हट्टाला पेटलो. "उसाच्या पाचटाची छपरं नगंत. एक ठिणगी पडली की खेळ खलास. पत्रा घाला, पत्रा जळत न्हाई." चेअरमननं ऐकलं. अकरा खोल्यांची एक लांब रांग मी उभी केली, पूर्वेच्या टोकाची अकरावी माझी. पत्रे एकाच खोलीला कमी पडले. ती माझ्या शेजारची, छबुबाईची. तिच्या वाट्याला पाचटाचं खोपटं आलं.

माझी लेक मंजुळा त्यावेळी आठ दिवसांची बाळंतीण होती, तीही सिझर झालेली. पत्रा असा तापायचा की खाली बसवत नव्हतं. "आप्पा, लई भाजतंय," ती म्हणाली, "लेकरू रडून रडून गळून गेलंय." मला काही ते बघवेना. मी पत्र्यावर हातभर जाड पाचट अंथरलं आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून तारेनं आवळून बांधलं. खोली गार झाली. संध्याकाळपर्यंत बाकीच्या नऊ जणांनीही माझं बघून तेच केलं. न जळणाऱ्या छपरावर आम्ही आपल्या हातानं जळण रचून ठेवलं आणि माझ्यासारख्या दीडशहाण्याला त्यात काही वावगं दिसलं नाही.

छबुबाई तेवढी खोपटं लिंपत बसली होती. साठी उलटलेली, तीस हंगाम ऊसतोडीला गेलेली बाई. पांढरी माती आणि शेण कालवून तिनं कुडाला, छपराला चांगला चार बोटांचा थर दिला. माझं डोकंच फिरलं. इथं माणशी दोन हंडे पाणी, आणि ही चिखल कालवते!

"कावून पानी नासतीस गं मावशे?"

"तुजं तू बघ," ती हसून म्हणाली.

ते हसणं मला झोंबलं. मी सरळ जाऊन सोसायटीच्या सेक्रेटरीला, बद्रीनाथला सांगितलं. त्यानं तिचा एक हंडा बंद केला.

पाचव्या दिवशी भर दुपारी मी रांगेच्या पश्चिम टोकाला टँकरवर होतो. दोन्ही हंडे नुकतेच भरले होते. तेवढ्यात ओरडा उठला. पहिल्याच खोलीच्या चुलीतली ठिणगी छपरावर गेली होती, आणि वारा पश्चिमेचा. मी मान वर करेपर्यंत जाळ दुसऱ्या छपरावर होता. हंडे तिथंच टाकले आणि पळत सुटलो.

पण जाऊ कुठून? खोल्यांपुढच्या वाटेत दावी तोडून उधळलेली गुरं, वरून पेटत्या पाचटाचे पुंजके पडत होते. "मंजे! भाईर पड!" मी ओरडत होतो, पण पोटाला टाके घातलेल्या पोरीला बाजेवरून उठायलाही आधार लागायचा. तिची आई दळण आणायला चौसाळ्याला गेली होती. खोलीत पोर आणि तिचं लेकरू, बाकी कोणी नाही.

मागून जायचं तर बाभळीच्या काट्याचं कुंपण. चोरांच्या भीतीनं आम्हीच घातलेलं. तसाच घुसलो. सदरा फाटला, कातडं फाटलं, एक पाय अडकून पडला. तिथूनच दिसत होतं. सहावी पेटली. सातवी. आठवी. तार मीच आवळली आहे, एवढंच डोक्यात घुमत होतं. नववीनंतर पाचटाचं खोपटं, ते पेटायला कितीसा वेळ लागणार, आणि त्याला खेटून माझी खोली.

नववीचा जाळ खोपट्यावर वाकला. लिंपण काळं पडलं. तडकलं. त्यातून धूर निघाला, आणि मी डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा खोपटं तसंच उभं होतं. जाळ त्याच्यापाशी येऊन थांबला होता.

रक्ताळलेला मी पलीकडं पोचलो, तर छबुबाई माझ्या छपरावर उडून आलेल्या ठिणग्या ओल्या पोत्यानं मारत होती.

"मंजुळा?"

"ती बघ, माळावर. बाजंसकट वढली म्या. लेकराला बी काय झालं न्हाई."

मंजुळा लेकराला छातीशी धरून बसलेली दिसली. छबुबाईच्या हातातलं पोतं घेऊन मी ठिणग्या मारायला लागलो. तेव्हा पोत्याचा वास नाकात गेला.

"मावशे, पोतं कशात भिजवलंस?"

तिनं खोपट्यामागचा खड्डा दाखवला. गोठ्यातून चर काढून गुरांचं मूत तिनं त्यात साठवलं होतं.

"लिंपनाला बी हेच कालवलं. ऊसतोडीवर पाचटाच्या कोप्या जळताना लई बघितल्यात म्या. पर दुस्काळात हंड्यातलं पानी कोन नासील, बाबा?"

मला वर बघवेना. शरमेनं जीव नकोसा झाला होता.

"बद्रीनाथला म्या सांगितलं हुतं, मावशे. तुजा हंडा म्या बंद केला."

"ठाव हाय," ती म्हणाली. तिचे ओठ सुकून फुटले होते. "ते ऱ्हाऊ दे. आदी घोटभर पानी दे."

माझे दोन्ही हंडे टँकरपाशी उपडे पडले होते.