आरोग्याचा अर्ज, पान पाच

त्या शाळेत नव्या माणसाला पहिल्या दिवशी वर्गावर पाठवत नसत. आधी ग्रंथालयात बसवायचं, चहा पाजायचा आणि एक सोबती द्यायचा, अशी पद्धत होती. सोबती म्हणजे शाळेतलं जुनं, मुरलेलं माणूस. खडूची पेटी कुठे मिळते, कोणत्या खिडकीची कडी लागत नाही, कोणत्या वर्गापुढे आवाज चढवून उपयोग नाही, हे सगळं महिनाभर त्यानं नव्याला सांगत राहायचं. यंदा सहा जण नवे होते. त्यातल्या भूगोलाच्या बाईंच्या वाट्याला गणिताचे सर आले.

सर माणूस लाखातला, पण त्यांच्याकडे बोलायला एकच विषय होता: स्वतःचा डावा गुडघा. दोन वर्षांपूर्वी तो त्यांनी बदलून घेतला होता, शाळेच्या आरोग्य योजनेतून, पदरचं काही न घालता. त्याचं कौतुक त्यांनी ग्रंथालयाच्या शिडीवर चढून दाखवायला घेतलं, तेव्हा ग्रंथपालबाईंनी त्यांना खाली उतरवलं. भूगोलाच्या बाईंना हसू आलं. नव्या जागी पहिल्याच तासाला आपण हसलो, याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

मग समोर अर्ज आला आणि हसू मावळलं.

आठ पानी अर्ज होता, आरोग्य योजनेचा. त्यात काय विचारतात ते बाईंना आधीपासूनच ठाऊक होतं. बाईंना फिट यायच्या. आता फारशा नाही. रोज दोन वेळा गोळी घेतली की वर्ष-दीड वर्ष काही होत नसे. पण आधीच्या शाळेत सकाळच्या प्रार्थनेला, सगळ्या शाळेसमोर, त्या कोसळल्या होत्या. दुसऱ्या दिवशी घरी फुलं आली आणि फुलांबरोबर पत्र आलं, की आपण निवांत आराम करावा, पुढचं कळवू. त्याला चार वर्षं झाली. अजून काही कळवलेलं नव्हतं. अकरा वर्षांची नोकरी अशी फुलांखाली झाकून गेली.

म्हणून या वेळी घरात आधीच मसलत झाली होती. मसलत म्हणजे वन्संनी बोलायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. बाईंची थोरली नणंद वरच्या मजल्यावर राहायची. जिभेनं तिखट, पण चार वर्षं बाईंना गोळीची आठवण तीच करून द्यायची, जिन्यातून हाक मारून. तिनं निक्षून सांगितलं होतं, की अर्जात त्या आजाराचं अक्षरही लिहायचं नाही. लिहिलंस की गेलीच म्हणून समज. बाईंचे यजमान काही बोलले नव्हते. ते छापखान्यात कामाला होते आणि घरीही यंत्र बंद पडल्यासारखे गप्प असायचे.

ठरवल्याप्रमाणे बाई सगळीकडे ‘नाही’वर खूण करणार होत्या. पण अर्ज तयार करणारा महाबिलंदर. एका ओळीत ‘हो’ म्हणजे आजार आहे, तर दुसऱ्या ओळीत ‘हो’ म्हणजे आजार नाही. बाई पेन टेकवायच्या आणि पुन्हा उचलायच्या. त्यांची धांदल बघून सरांनी स्वतःचा भरलेला अर्ज उदार मनानं पुढे सरकवला. योजनेचा अर्ज दरवर्षी नव्यानं भरावा लागे, त्यामुळे तो त्यांना पाठ झाला होता. यात बघून भरा, सगळ्यांचं सारखंच असतं, असं म्हणून ते दुसरा चहा आणायला गेले.

वीस मिनिटं बाईंनी मान वर केली नाही. त्या प्रश्न वाचत नव्हत्या. सरांची खूण उजव्या चौकोनात असेल तर उजव्या, डाव्यात असेल तर डाव्या. परीक्षेच्या वर्गात असल्या पोरांना त्यांनी कॉलर धरून उभं केलं होतं, आणि आज बेचाळिसाव्या वर्षी त्या स्वतः तेच करत होत्या. अर्ज पेटीत टाकला तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला.

पुढचे तीन आठवडे फार चांगले गेले. आठवीचा वर्ग मिळाला, खडू मिळाला, नकाशाची काठी मिळाली. मुलं वात्रट होती, पण जीव लावणारी होती. मधल्या सुट्टीत छापखान्यातून फोन यायचा. यजमान विचारायचे, ‘जेवलीस?’ आणि ‘हो’ म्हटलं की ठेवून द्यायचे. एवढंसं विचारायला हा माणूस रोज यंत्र थांबवून फोन का करतो, असं सर एकदा गमतीनं म्हणालेही. बाई नुसत्या हसल्या.

सत्ताविसाव्या दिवशी ऑफिसातून बोलावणं आलं.

ऑफिस सांभाळणाऱ्या बाईंना सगळी शाळा मागे भिंगबाई म्हणायची. ऑफिसात येण्यापूर्वी त्यांनी वीस वर्षं परीक्षा विभाग चालवला होता. दोन उत्तरपत्रिका शेजारी ठेवल्या की कोणी कोणाचं बघून लिहिलं, हे त्या चहाचा पहिला घोट घेईपर्यंत सांगत. समोर तेच दृश्य होतं. टेबलावर दोन अर्ज, दोन्हींचं पाचवं पान उघडलेलं.

भिंगबाईंनी त्यांना खुर्ची दिली, दार लोटून घेतलं आणि शांतपणे बोलायला सुरुवात केली.

“बाई, तुमचा डावा गुडघा बदललाय असं इथं लिहिलंय. परवा तुम्ही मुलांबरोबर दोरीच्या उड्या मारत होता, तेव्हा मला कौतुकच वाटलं.”

बाईंनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

“त्याच्याखाली लिहिलंय, प्रोस्टेटची तपासणी दरवर्षी होते आणि सगळं नॉर्मल आहे. वाचून आनंद झाला. पण माझ्या माहितीप्रमाणे ते तुम्हाला असायलाच नको.”

बाईंना हसूही फुटलं आणि रडूही. दोन्ही एकदमच आल्यामुळे कुठलंच धड येईना. भिंगबाईंनी पाण्याचा पेला पुढे केला आणि वाट बघितली. मुलांना बोलतं करण्याची त्यांची हीच रीत असावी, कारण दोन मिनिटांत बाईंनी सगळं सांगून टाकलं: फिट, प्रार्थना, फुलं, पत्र, वन्सं. चार वर्षांत एवढं सलग त्या कोणाशीच बोलल्या नव्हत्या.

भिंगबाईंनी कीव केली नाही. कपाटातून एक कोरा अर्ज काढला.

“पोरं कॉपी करतात ती अभ्यास झालेला नसतो म्हणून नाही. अर्धी तर घाबरून करतात,” त्या म्हणाल्या. “आता नीट ऐका. तुमची नेमणूक पहिल्याच दिवशी झाली. या अर्जाचा तिच्याशी काडीचा संबंध नाही. तो माझ्या कपाटात राहतो आणि किल्ली माझ्याकडे असते. पहिल्या तीस दिवसांत जे लिहाल, त्याचं औषधपाणी, तपासण्या, सगळं योजनेत. तीस दिवसांनंतर कळलं, तर एक गोळीसुद्धा मिळणार नाही, आणि खोटं लिहिलं म्हणून योजनेतून नाव जाईल ते वेगळं. तीन दिवस राहिलेत.”

“आणि लिहिलं, आणि परत वर्गात पडले तर?”

“तर उचलू. त्यात काय.”

घरी येईपर्यंत बाईंचं मन हो-नाही करत राहिलं. संध्याकाळी त्यांनी कोरा अर्ज जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि हाक मारून वन्संना खाली बोलावलं. वन्संनी सगळं ऐकून घेतलं आणि सरळ सांगितलं, की गोड बोलण्याला भुलू नकोस. आधीच्या शाळेतलेही गोडच बोलत होते. त्या अर्जावर गुडघ्याची चूक झाली एवढंच कबूल कर, ती दुरुस्त कर आणि बाकी सगळीकडे ‘नाही’ लिही. वन्संचं काही चुकत नव्हतं. चार वर्षं बाईंना उशीत तोंड घालून रडताना त्यांनीच पाहिलं होतं.

तेव्हा यजमान बोलले. त्यांचा आवाज ऐकून वन्संसुद्धा गप्प झाल्या.

“मी रोज मधल्या सुट्टीत फोन करतो, तो जेवणाचं विचारायला नाही गं. तुझा आवाज आला की कळतं, अजून काही झालेलं नाही. तू पडलीस आणि कोणाला काही माहीत नसेल, तर कोणीतरी तोंडात चमचा घालेल, कोणीतरी हात दाबून धरेल. हा विचार मनात आला की माझा हात यंत्रात जायची वेळ येते. तिथं एका तरी माणसाला माहीत असू दे.”

वन्संनी डोळे पुसले, आणि मग पेन कुठे आहे म्हणून त्याच शोधायला लागल्या.

या वेळी बाईंनी एकेक प्रश्न वाचला. पाचव्या पानावर गुडघा आपला आहे तसा असल्याचं नमूद केलं. सहाव्या पानावर आजाराचं नाव लिहिलं, गोळीचं नाव लिहिलं, शेवटची फिट कधी आली ते लिहिलं. अक्षर वळणदार आलं. आठव्या पानावर एक चौकट होती, जी सरांच्या अर्जात रिकामी होती: ‘शाळेत कोणाकोणाला ही माहिती द्यावी, ते आपणच लिहा.’ बाईंनी तीन जण लिहिले. मुख्याध्यापिका असलेल्या मोठ्या बाई, भिंगबाई आणि गणिताचे सर.

पुढच्याच आठवड्यात योजनेचे डॉक्टर आले. त्यांनी बाईंना तपासलं, जुने कागद बघितले, आणि मग त्यांच्या परवानगीनं त्या तिघांना ग्रंथालयात बोलावून शिकवलं. फिट आली की डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवायचं, आजूबाजूची बाकं सरकवायची, झटके थांबले की कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, धरून ठेवायचं नाही, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या वर गेलं किंवा लागोपाठ दुसरी आली तर रुग्णवाहिका. रोगी कोण होणार असं डॉक्टरांनी विचारलं, तर गणिताचे सर तत्काळ सतरंजीवर आडवे झाले. उठताना मात्र दोघांना हात द्यावा लागला, आणि नव्या गुडघ्याचं त्यांनी केलेलं सगळं वर्णन जरा कमी करून घ्यावं लागलं. मोठ्या बाईंनी सगळं वहीत लिहून घेतलं, शाळेतल्या मुलीसारखं. बाई कोपऱ्यात उभ्या राहून बघत होत्या. आपल्या आजारासाठी तीन शहाणी माणसं सतरंजीवर बसून अभ्यास करताहेत, हे त्यांनी डोळे भरून बघितलं. त्या तशाच बाहेर गेल्या आणि यजमानांना फोन केला. बोलता येईना, म्हणून नुसतं ‘जेवलात?’ एवढंच विचारलं.

तीन-चार महिने काही झालं नाही. मग सहामाहीचे पेपर तपासण्याच्या दिवसांत बाईंना ताप आला, झोप मोडली, आणि एका मंगळवारी, तिसऱ्या तासाला, फळ्यावर नदीचं खोरं काढता काढता हातातला खडू सुटला.

शुद्धीवर आल्या तेव्हा छताचा पंखा दिसला. डोक्याखाली कोणाचा तरी स्वेटर होता. वर्गात मुलं नव्हती. मोठ्या बाईंनी त्यांना मैदानावर नेलं होतं. शेजारी जमिनीवर, बाजूच्या वर्गातून धावत आलेले गणिताचे सर बसले होते, गुडघा सरळ पुढे पसरून, मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवून. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“दोन मिनिटं दहा सेकंद,” ते म्हणाले. “तुम्ही शाळेत आहात. कुठे लागलेलं नाही. छापखान्यात फोन केलाय, ते निघालेत.”

बाईंना हळूहळू सगळं उमगलं. आठवीचा वर्ग. तिसरा तास. मुलांनी बघितलं असणार. अंगातली सगळी ताकद गेली होती, पण जुनी भीती जागच्या जागी होती. आता दार उघडेल आणि फुलं येतील, असंच त्यांना वाटत राहिलं.

दार उघडलं आणि भिंगबाई आल्या. हातात एक कागद आणि पेन. बाईंनी डोळे मिटून घेतले.

“उठायची घाई करू नका,” भिंगबाई म्हणाल्या आणि शेजारच्या बाकावर टेकल्या. “डॉक्टरांशी बोलले. दुपारी चारला त्यांच्याकडे जायचं, गोळी वाढवायची का ते बघतील. तोवर घरी झोपा. फक्त इथं सही लागेल, आज नाही तर उद्या केलीत तरी चालेल.”

“कसला कागद आहे?” बाईंचा आवाज जेमतेम फुटला.

भिंगबाईंनी तो त्यांच्या डोळ्यांपुढे धरला. छापील कागद होता, शाळेतला सगळ्यात लहान अर्ज, सर्दी झाली तरी भरतात तो. वर बाईंचं नाव, खाली तारीख, आणि मधल्या ओळीत भिंगबाईंच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं: आजारपणाची रजा, अर्धा दिवस.

“अर्धाच?” बाईंनी विचारलं.

“दोन तास तुम्ही घेतलेत की आज. ते कसे सोडू? आणि उद्या बरं वाटलं नाही तर उद्याची वेगळी भरू, तुमच्या बारा शिल्लक आहेत.”

आधीच्या ठिकाणी ज्याच्यापायी अकरा वर्षं गेली, त्याचा इथं अर्धा दिवस भरला होता. बाईंनी आडव्या पडल्या पडल्याच पेन मागून घेतलं. सरांनी कागदाखाली आपली वही धरली. सही वाकडीतिकडी झाली, डोळ्यांतलं पाणी कानात गेलं, आणि ते पुसायला कोणी घाई केली नाही.