सोमकुंडातला दिवा

भिंगारच्या वाटेवरच्या त्या जुन्या दगडी कोठारासमोर टांगे, बैलगाड्या आणि सायकली यांची एवढी दाटी झाली होती की पायी येणाऱ्याला गटाराच्या कडेकडेनं चालावं लागत होतं. एकाहत्तर सालची दिवाळी नुकतीच सरली होती. नगरात आलेले पाहुणे अजून मुक्कामाला होते. त्यांना किल्ला दाखवून झाला, चांदबीबीचा महाल दाखवून झाला, कापडबाजारात हिंडवून झालं की यजमान हटकून म्हणत, "आता सोमकुंडात एकदा बसून या. अंगदुखीचं नाव राहायचं नाही."

कोठाराच्या पटांगणात मोठमोठी लाकडी पिंपं मांडलेली होती. प्रत्येक पिंपात छातीइतकं तांबूस पिवळं पाणी आणि वर दह्यासारखा जाड, पांढरा फेस. खाली जाळ नाही, निखारा नाही, तरी पाणी आपलं बुडबुडत होतं. पिंपापिंपात एकेक गडी मानेपर्यंत बुडून बसलेला. शिष्य येत, पितळी तांब्या भरून त्याच्या तोंडाला लावत आणि गडी डोळे मिटून गटागटा पीत.

मधल्या चौथऱ्यावर सोमगिरी महाराज बसले होते. पोट सुटलेलं, जटा तेल लावून चमकवलेल्या, आवाज मात्र खणखणीत.

"देवांनी समुद्र घुसळला, तेव्हा अमृत निघालं, विष निघालं. त्याचा हिशेब तुम्हां सर्वांना पाठ. पण घुसळल्यावर फेस येतो की नाही? मग तो फेस कुठं गेला, कुणी विचारलं का? बाळांनो, तो फेस हा इथं आहे. अग्नीवाचून उकळतो तो सोम. इंद्र हेच पीत होता."

एवढी युगं तो फेस नगर जिल्ह्यात नेमका कुठं मुरत पडला होता, हेही कुणी विचारलं नाही. लोकांनी हात जोडले.

बायकांच्या रांगेत मनकर्णा उभी होती. शेवगाव तालुक्यातल्या खेड्यातून, पोरांना सासूजवळ ठेवून, ती नवऱ्याबरोबर भाऊबीजेला भावाकडे आली होती. बाजरी जेमतेम पदरात पडली होती, रानात काम उरलं नव्हतं. म्हणून चार दिवस शहर बघून जाऊ, असं ठरलं होतं. तिचा नवरा सहादेव समोरच्या पिंपात बसला होता. पोती उचलून त्याची पाठ धरली होती. तो पिंपातून निघाला तो हसतच. वाकून त्यानं पायाच्या अंगठ्यांना हात लावला, शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारली आणि म्हणाला, "मने, पाठ हाय का न्हाई तेच समजंना."

बायकांना पिंपात बसायची मुभा नव्हती. त्यांच्या ओंजळीत घोटभर तीर्थ मिळे. मनकर्णानं ते तोंडात घेतलं. कडवट, आंबूस. तिला म्हशीच्या आंबोणाची आठवण झाली. पण देवाचं म्हणून तिनं गिळलं.

घरी आल्यावर तिचा भाऊ काकासाहेब, जो शहरातल्या हायस्कुलात शास्त्र शिकवायचा, सहादेवाजवळ बसला आणि लगेच मागं सरकला. "दाजी, तोंडाला वास येतोय तुमच्या."

"परसादाचा हाय त्यो."

"प्रसादानं जीभ जड होत नाही."

"पावनं," सहादेव तडकून म्हणाला, "तुमी शिकलेले. तुमाला देव दिसायचा न्हाई."

पाहुण्याशी सणासुदीला वाद कशाला, म्हणून काकासाहेबानं विषय सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी काकासाहेब शाळेच्या कामाला गेला आणि सहादेव मनकर्णाला घेऊन पुन्हा सोमकुंडावर पोचला. आज महाराज पापपरीक्षा घेणार होते.

कोठाराच्या पोटात तळघर होतं. खरं कुंड म्हणे तिथंच होतं. दारातून दगडी पायऱ्या खाली उतरत होत्या. भिंतीत दोन कोनाडे होते. एक वरच्या पायऱ्यांशी, दुसरा अगदी तळाला, जमिनीलगत. ज्याची परीक्षा त्यानं पेटती पणती घेऊन उतरायचं आणि महाराज सांगतील त्या कोनाड्यात ठेवायची. पणती तेवत राहिली तर माणूस शुद्ध. विझली तर पापी.

एक जाड व्यापारी उतरला. महाराज म्हणाले, "वरच्या कोनाड्यात." पणती तेवली. लोकांनी जयजयकार केला.

मग कडूबाई नावाची एक म्हातारी उतरली. ती लेकीच्या आजारासाठी आली होती. "तळाच्या कोनाड्यात," महाराज म्हणाले. म्हातारी वाकली, पणती खाली नेली आणि ज्योत निळी पडून मिटली. पुन्हा पेटवली, पुन्हा मिटली.

"लेकीला खाणारी हीच," महाराज शांतपणे म्हणाले. "गोरक्ष, पाप काढ."

गोरक्ष हा त्यांचा मुख्य शिष्य, रेड्याएवढा आडवा. त्यानं पाण्यात भिजवलेला कासरा काढला आणि म्हातारीला पटांगणात लोळवून मारलं. तिनं तोंडावर हात घेतला, तेव्हा कासऱ्याच्या गाठीनं हाताचं हाड मोडलं. तो आवाज मनकर्णाला ऐकू आला. चारशे माणसं उभी होती. कुणी हललं नाही. म्हातारीनं ओरडायचं बंद केलं, तेव्हा महाराज म्हणाले, "बघा, गेलं पाप."

"आवो, म्हातारी मरंल की," मनकर्णा मोठ्यानं बोलून गेली.

सगळ्यांच्या माना वळल्या. महाराजांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "पापाची कणव पाप्यालाच येते. ये बाई. तुझीही परीक्षा होऊ दे. तळाच्या कोनाड्यात."

मनकर्णा पणती घेऊन उतरली. खाली अंधारात मोठाली पिंपं झाकून ठेवलेली होती आणि त्यांतून सुरसुर आवाज येत होता. ती कोनाड्याशी वाकली आणि नाकात झिणझिण्या आल्या, श्वास अडला, डोकं गरगरलं. ती झटकन उभी राहिली. श्वास मोकळा झाला. हातातली पणती मात्र विझून गेली होती.

वर आली तेव्हा सहादेव समोर होता. तांब्यावर तांब्या पिऊन त्याचे डोळे तांबारले होते. महाराजांनी कासरा गोरक्षाकडून घेऊन सहादेवाच्या हातात दिला.

"तुझी पाठ का धरली, कळलं? तुझ्या घरातच पाप आहे. तूच काढ."

मनकर्णाला वाटलं, हा कासरा टाकून देईल. लग्न झाल्यापासून त्यानं तिच्यावर हात उचलला नव्हता. पहिला फटका पाठीवर बसला, तेव्हा तिला दुखण्याआधी आश्चर्य वाटलं. दुसरा मानेवर बसला. मग ती मोजायची थांबली. चोळी फाटली, तोंडात माती गेली. वरून महाराजांचा आवाज येत होता, "जोरानं. पापावर दया नको." आणि मारताना सहादेव रडत होता, हे तिला ऐकू येत होतं, पण हात थांबत नव्हता.

"उद्या हिला इथं आणून सोड," महाराज शेवटी म्हणाले. "सेवा करील तेव्हा शुद्ध होईल. नाही सोडलीस, तर घरात एकेक जण जाईल."

संध्याकाळी काकासाहेबानं बहिणीची पाठ पाहिली. त्याची बायको वळांवर हळद लावत होती. सहादेव भिंतीशी बसला होता. नशा उतरली होती.

"दाजी, कुणी केलं हे?"

"मी सांगते," मनकर्णा म्हणाली आणि तिनं सगळं सांगितलं.

काकासाहेब उठला तसा सहादेव म्हणाला, "मारा मला. पर दिवा इझला, त्यो म्या डोळ्यानं पाह्यला. तिला उद्या न्हाई सोडली आन् पोरांना काय झालं तर?"

काकासाहेबानं त्याची गचांडी धरली. मनकर्णानंच सोडवली.

"दादा, ऱ्हाऊ दे. मला येक सांग. वाकले तवा दम कोंडला, उभी ऱ्हायले तर काय न्हाई. असं कशानं व्हतं?"

काकासाहेब खाली बसला. "खाली काय होतं?"

"झाकलेली पिंपं. आंबोणाचा वास."

काकासाहेबानं समोरचा कंदील जवळ ओढला. मग त्यानं विचारलं, "मने, आपले आबा जमिनीतलं धान्याचं पेव उघडायचे, तेव्हा आधी काय करायचे?"

मनकर्णाचे डोळे मोठे झाले.

सकाळी तिघं सोमकुंडावर गेले. गर्दी कालच्याहून दुप्पट होती. काकासाहेबाच्या हातात लांब सुतळीला बांधलेला कंदील होता. "महाराज," तो म्हणाला, "आज तळघरात माणूस नको. नुसता कंदील सोडतो. बघू कोणाचं पाप निघतं."

"नास्तिकाला बाहेर काढा," महाराज म्हणाले.

गोरक्षाची काठी काकासाहेबाच्या डोक्यात बसली. रक्ताची धार डोळ्यावर आली, तो गुडघ्यावर पडला. कंदील मनकर्णानं उचलला. पाठ ठणकत होती, तरी ती तळघराच्या दारात जाऊन लोकांकडे तोंड करून उभी राहिली.

"तुमच्यात शेतकरी हाईत का न्हाई? पेव कुनी उघडलंय?"

एक म्हातारा म्हणाला, "उघडलंय की."

"मग आधी मानूस उतरवता का कंदील?"

"कंदील. पेवात वाईट हवा असती. कंदील इझला तर उतरत न्हाई."

"आन् इझला तर काय म्हन्ता? पेवानं पाप केलं?"

कुणीतरी हसलं. मनकर्णानं कंदील सोडला. वरच्या कोनाड्यापाशी तो तेवत होता. तळाला टेकला आणि विझला. तिनं तो ओढून पेटवला, पुन्हा सोडला. पुन्हा विझला. आत माणूस नव्हता. दारात दाटलेल्या लोकांनी माना वाकवून पाहिलं.

"आता महाराजांनी सोताच्या हातानं खाली दिवा ठिवावा," ती म्हणाली. "त्यांच्याकडं तर पाप न्हाई."

महाराज जागचे हलले नाहीत. तेवढ्यात गर्दीतून कडूबाई पुढं आली. हात गळ्यात बांधलेला होता. तिनं हळूच विचारलं, "मग माझा हात कशापायी मोडला?"

त्या प्रश्नानं गर्दी फुटली. पहिला दगड कुणी मारला ते कळलं नाही. गोरक्षानं काठी फिरवली, दोघांची डोकी फोडली, मग दहा जण त्याच्यावर पडले. पिंपं उलथली, फेस आणि रक्त एकत्र वाहू लागलं. गोरक्ष गुराढोरांसारखा हंबरत भिंत ओलांडून पळाला. महाराजांच्या जटा उपटल्या गेल्या. त्या खोट्या निघाल्या. सहादेव सगळ्यांच्या पुढं होता. चौथऱ्यावर पडलेला कालचाच कासरा त्याच्या हातात होता आणि तो कालच्यासारखाच रडत मारत होता. मग लोकांनी महाराजांना उचललं, तळघराच्या पायऱ्यांवरून खाली फेकलं आणि दाराला कडी घातली.

"बस आता कोनाड्यात," कुणीतरी ओरडलं.

आतून दोनतीन हाका आल्या. मग आवाज बंद झाला.

"कडी काढा," मनकर्णा म्हणाली.

"मरू दे भाड्याला," सहादेव धापा टाकत म्हणाला. "तुला मारलं त्यानं."

"मला त्यानं न्हाई मारलं." सहादेवानं नजर खाली घातली. ती लोकांकडे वळली. "ह्यो हितं मेला तर काय व्हईल, ठावं हाय? उद्या ह्याची समाधी बांधतील. परवा जत्रा भरंल. तुमचीच पोरं नारळ घिऊन येतील. त्याला जित्ता भाईर काढा आन् पोलिसाफुडं बोलू द्या."

कुणी पुढं होईना. रक्तानं माखलेला काकासाहेब आला आणि त्यानं स्वतः कडी काढली. वाईट हवा आत कोंडून राहावी म्हणून तळघराच्या झरोक्यात कोंबलेलं तरटाचं बोंदरं मनकर्णानं लाकडानं बाहेर पाडलं. काकासाहेबानं सहादेवाच्या हातून कासरा घेतला, एक टोक कमरेला बांधलं, दुसरं त्याच्या हातात दिलं. "दाजी, मी हिसका दिला की ओढा." छातीत श्वास भरून तो उतरला.

सहादेवानं ओढलं. दोघं वर आले. महाराजांचे ओठ काळेनिळे झाले होते. तोंडावर पाणी मारलं, छाती चोळली, उशिरानं ते ओकले आणि डोळे उघडून लहान मुलासारखे रडायला लागले.

झरोका उघडा राहिल्यावर, तळघर वारं खाऊन मोकळं झालं. कंदील तळाला तेवू लागला, तेव्हा काकासाहेबानं लोकांना आत नेलं. कोपऱ्यात मोड आणून भाजलेल्या जवाची पोती होती, गुळाच्या ढेपा होत्या. त्यानं एका पिंपाचं झाकण काढलं.

"जव आंबवले की फेस येतो, बुडबुडे येतात. त्याला जाळ लागत नाही. जिलबीचं पीठ आंबतं तसंच हे. साहेबलोक ह्याला बियर म्हणतात. पाठ बरी होत नाही, फक्त दुखणं कळत नाही. आंबताना जी हवा निघते ती जड असते, खाली साचते. तिच्यात दिवाही जगत नाही, माणूसही जगत नाही. वरच्या कोनाड्यात पुण्य नव्हतं आणि खालच्यात पाप नव्हतं. महाराज बोट दाखवायचे, तेवढाच काय तो चमत्कार."

पोलिसांपुढं महाराजांनी कबूल केलं की ते पूर्वी कुठल्याशा दारूच्या कारखान्यात कामाला होते. कडूबाईला काकासाहेबानं दवाखान्यात नेलं. लेकीलाही तिथंच आणायला सांगितलं.

परतताना टांग्यात सहादेव म्हणाला, "मने, त्या पान्यानं माझी मती गेली. त्यानं कासरा हातात दिला."

"पानी चारशे जनांनी पेलं," मनकर्णा म्हणाली. पाठ टेकवत नव्हती म्हणून ती ताठ बसली होती. "पेव तुमाला ठावं व्हतं, मला ठावं व्हतं, तितल्या समद्यांना ठावं व्हतं. पर कुनी इचारलं न्हाई. त्यानं कासरा दिला. मारायच्या आधी येकदा 'का' म्हनून इचारलं असतं तर पुरं व्हतं."

गावी जायच्या दिवशी ती म्हणाली, "तुमी व्हा म्होरं. मी पाठ बरी झाल्यावर येईन. तवर इचार करा." तो एकटाच शेवगावच्या मोटारीत बसला.

देव मानायचा की नाही, ते ज्याचं त्यानं ठरवावं. पण देवाच्या नावानं कुणी तुमच्या हातात कासरा देईल, तेव्हा आधी कंदील खाली सोडून बघा. माणसावर फटका मारल्यावर विचार करून उपयोग नसतो. मोडलेलं हाड विचारानं सांधत नाही.