निवडणूक होऊ दे

"निवडणूक होऊ दे, मग विकू," असं श्यामराव मिरजकर सदुसष्ट साली म्हणाले होते. एकाहत्तर सालीही तेच म्हणाले. केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त होऊनही ते बालीगंजच्या भाड्याच्या घरातच राहिले, कारण पुण्याच्या फ्लॅटसाठीचे सगळे पैसे एका ज्यूट गिरणीच्या शेअरांत अडकले होते. संध्याकाळी खालच्या चुली पेटून कोळशाचा धूर जिन्याने वर आला, की त्यांच्या पत्नी प्रेमलताबाई उकाड्यातही खिडक्या लावून घेत आणि धापा टाकत उशीला टेकून बसत. डॉक्टर म्हणाले होते, "दम्याला औषध एकच. कलकत्ता सोडा."

सत्याहत्तरची निवडणूक जाहीर झाली तेव्हा मुलगी वृंदा नुकतीच भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाली होती. तिने जुन्या वर्तमानपत्रांतले भाव काढून आलेख मांडला. दर निवडणुकीआधी भाव घसरत होता, नंतर सावरत होता.

"अप्पा, या वेळी सावरला की विकायचे. नक्की?"

"नक्की. तुझ्या आईची शपथ."

"माझी कशाला?" आतून आवाज आला. "शेअरांचीच घ्या. तेच जास्त टिकतील."

मार्चमध्ये निवडणूक झाली आणि दिल्लीचं सरकार पडलं. काही दिवसांनी गिरणीचा भाव खरेदीच्याही वर गेला, तशी वृंदा वडिलांना घेऊन लायन्स रेंजच्या शेअरबाजारात आली. त्यांचे दलाल मित्रबाबू यांनी कागद पुढे सरकवला. "सही कीजिए, साहब. खरीदार खड़ा है."

वृंदाने टोपण काढून पेन दिलं. श्यामरावांनी ते कागदावर टेकवलं, तेवढ्यात भाव आणखी चढल्याची आरोळी रस्त्यावर सौदे करणाऱ्यांकडून आली.

"ऐकलंस?" त्यांचे डोळे लकाकले. "चढत्या भावात कोण विकतं?"

"पडत होता तेव्हाही तुम्ही विकले नाहीत."

"पडत्या भावात तर वेडेच विकतात."

वृंदा त्यांच्याकडे बघत राहिली. आलेखावर तिने साल मांडलं होतं, भाव मांडला होता. अप्पांना मांडायचं राहून गेलं होतं.

ते घरी परतले तेव्हा जिन्यात धूर भरू लागला होता.

"विकले?" प्रेमलताबाईंनी विचारलं.

"आता बंगालची विधानसभाही येईलच," श्यामराव चपला काढत म्हणाले. "तेवढी निवडणूक होऊ दे."

प्रेमलताबाई उठून खिडकी लावू लागल्या. कडी बसेना. शेवटी वृंदाने पुढे होऊन दोन्ही हातांनी जोर लावला आणि ती बसवली.