तू नवरी छे के?

सिल्वासात येऊन मला जेमतेम पाच महिने झाले होते, आणि हंसाबेनने भर दुकानात, चार गिऱ्हाइकांच्या देखत मला नवरी म्हटलं.

साल शहाऐंशी. माझी चाळिशी दारात येऊन उभी होती. मुलगा निलेश कॉलेजसाठी मुंबईला नणंदेकडे राहत होता. आमचे हे, म्हणजे वसंतराव, इथल्या बांधकाम खात्यात ओव्हरसियर. ते आधी एकटेच आले होते, क्वार्टर मिळाल्यावर राजापूरहून मलाही घेऊन आले. सकाळी डबा घेऊन ते सायकलीवर निघाले की मागे मी, तीन खोल्या आणि रेडिओ एवढंच उरायचं.

हंसाबेनचं बाजारात कापडाचं दुकान होतं. वयाने मोठी म्हणून ती मला अगंतुगं करायची, आणि मलाही ते आवडायचं. त्या दिवशी मी ब्लाऊजपीस बघत होते, तर तिने गादीवरूनच विचारलं, "अली नलिनी, आजकाल तू नवरी छे के?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"नवरी? या वयात? मुंडावळ्या तेवढ्या बांधायच्या राहिल्यात, त्याही बांधा!" असं म्हणून मी ब्लाऊजपीस तिथेच टाकला आणि तरातरा घरी आले. मागून हंसाबेन "अरे, शुं थयुं?" करत पायरीपर्यंत आली होती, पण मी वळून बघितलं नाही. मला राग आला की माझे कान आधी बंद होतात.

संध्याकाळी ह्यांना सगळं सांगितलं. हे चहाचा कप खाली ठेवून इतके हसले की ठसका लागला.

"अगं, गुजरातीत नवरी म्हणजे रिकामी. मोकळी. हाताला काही काम नसलेली. तिने एवढंच विचारलं, की तुला सवड आहे का?"

हसू मलाही आलं, नाही असं नाही. पण भाजी चिरायला बसले आणि ते हसू कुठच्या कुठे गेलं. नवरी म्हटल्याचा मला आला नव्हता एवढा राग आता आला, आणि तो कुणावर काढायचा तेही कळेना. रिकामी! हाताला काही काम नसलेली! आणि बाई खोटं काय बोलली होती? निलेश मोठा झाला, त्याचं दूध-पाणी, डबे, गृहपाठ संपले आणि माझ्याकडे स्वतःचं म्हणावं असं काहीच उरलं नव्हतं. त्या रात्री मी ह्यांना मीठ नसलेली भाजी वाढली. ते बिचारे मुकाट्याने जेवले.

दोन-चार दिवसांनी नाक मुठीत धरून दुकानात गेले. हंसाबेनला सवड हवी होती ती माझ्या हातांची. गणपतीत कॉलनीच्या फळ्यावर मी खडूने कार्यक्रम लिहायचे, ते अक्षर तिने येता-जाता बघितलं होतं. तिला दुकानावर नवी पाटी हवी होती आणि बाजारात पेंटर म्हणून मिळत नव्हता. नरोलीकडे एकामागून एक कारखाने उभे राहत होते. जो हातात ब्रश धरी तो तिकडे पळाला होता.

मी हो म्हटलं. का म्हटलं, ते मला तेव्हा कळलं नाही. टर्पेंटाइनचा डबा उघडला आणि तो वास नाकात शिरला तेव्हा कळलं.

राजापूरला आमच्या घरासमोर एक पाट्या रंगवणारा बसायचा. शाळेतून आले की दप्तरासकट मी त्याच्यापुढे उभी. ब्रशाच्या एका वळणात अक्षराचं पोट कसं भरतं, ते बघताना मला तहान-भूक आठवत नसे. एकदा मी घरी जाहीर केलं की मला पाट्या रंगवायच्या आहेत. सगळे हसले, आणि दुसऱ्या दिवसापासून मला मागच्या दाराने शाळेत धाडू लागले. बस, एवढंच. कुणी मारलं नाही, कुणी रडलं नाही. स्वप्नबिप्न असले मोठे शब्द मला आवडत नाहीत. पण तो वास आला आणि मागच्या दाराने शाळेत जाणारी ती मुलगी एकदम पुढच्या दारात येऊन उभी राहिली. माझे डोळे भरून आले. ते टर्पेंटाइनमुळे, असं मी ह्यांना सांगितलं.

पाटी गुजरातीत होती. मी वर्तमानपत्र पुढ्यात ठेवून एकेक अक्षर गिरवलं, पत्र्यावर आखलं, लाल रंगाने भरलं, काळ्याने सावली दिली. अंगणातच पाटी वाळवली आणि दिमाखात दुकानात नेली. हंसाबेन बघतच राहिली. मग तोंडाला पदर लावून गादीवर बसली, आणि तिचे खांदे हलायला लागले.

गुजराती अक्षरांना डोक्यावरची रेघ नसते. हे मला ठाऊक होतं. पुढ्यातल्या वर्तमानपत्रात ती नव्हतीच. पण आपल्याला लहानपणापासून सवय काय, तर अक्षर लिहिलं की वर रेघ. माझ्या हाताने मला न विचारता सगळ्या पाटीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत ठसठशीत रेघ ओढून टाकली होती.

"आ तो दोरी पर कपडां सूकव्यां छे!" हंसाबेन डोळे पुसत म्हणाली.

खरंच, दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी अक्षरं लोंबत होती. मी लाजेने अर्धी झाले. पाटी उचलून परत न्यायला निघाले, तर तिने माझा हात धरला. कापडाचंच तर दुकान आहे, दोरी असली तर बिघडलं कुठे, असं म्हणून तिने ती पाटी लावलीच. आठवडाभर बाजार ती पाटी बघून हसला, आणि हसायला आलेले लोक कापड घेऊन गेले. मी मात्र घरी अंगणात जुन्या पत्र्यावर गुजराती अक्षरं गिरवत बसले. ह्यांच्या आमटीला उशीर होऊ लागला.

त्या पाटीमुळेच नारायण घाटगे दारात आले. नरोलीला सुताचा एक नवा कारखाना उघडणार होता, त्याचे ते मॅनेजर, सांगलीकडचे. पडद्याचं कापड घ्यायला हंसाबेनकडे गेले होते. म्हणाले, "ताई, आमची रस्त्याकडची भिंत रंगवाल का? कारखान्याचं नाव, गुजरातीत आणि हिंदीत. फक्त अक्षरं दोरीवर नकोत."

मी काही बोलायच्या आत आतून ह्यांचा आवाज आला, "विचार करून कळवतो."

विचार कसला, ह्यांनी आधीच नाही ठरवलं होतं. "हंसाबेनचं ठीक आहे, ओळखीतलं. ही भर रस्त्यावरची भिंत. तू परांचीवर चढणार, आणि आमच्या खात्याची माणसं रोज त्या रस्त्याने जाणार."

"त्यांना वाचता येतं ना? मग वाचतील."

"नलिनी, मी थट्टा करत नाहीये."

"मीही नाही," मी म्हटलं. "तुम्हीच अर्थ सांगितलात ना? मी रिकामी आहे. मला रिकामं राहायचं नाही. मला हे काम करायचंय. लहानपणापासून करायचं होतं, मी विसरले होते, आता आठवलंय." एवढं सरळ मी ह्यांच्याशी लग्नानंतर कधी बोलले नव्हते. माझाच आवाज मला परका वाटला.

ह्यांनी एकदा वर माळ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "एक भिंत. ती साधली तर पुढे मी तोंड उघडणार नाही. फसली तर ब्रश माळ्यावर. आणि मी तिकडे फिरकणार नाही, मला बोलवू नकोस."

"कोण बोलावतंय?" मी म्हटलं.

नरोलीला भिंतीसमोर जाऊन उभी राहिले. आमचं अख्खं क्वार्टर आडवं मावलं असतं एवढी ती लांब. डोक्यावरच्या रेघेचा बंदोबस्त मी केला होता. गुजराती नावाला फक्त खालची रेघ आखायची, वरची आखायचीच नाही, म्हणजे हाताला टांगायला दोरीच मिळणार नाही. पण ती खालची रेघ तरी सरळ यायला हवी ना! त्यासाठी निळीत घोळवलेलं सूत दोन टोकांना ताणून धरायचं आणि चिमटीने ओढून भिंतीवर सोडायचं, की निळी रेघ उमटते. दुसरं टोक धरायला मला कुणी नव्हतं.

सरुबाई तिथेच विटा वाहत होती. साक्रीकडून नवऱ्याबरोबर आलेली, भाड्याच्या खोलीत राहणारी. माझी धडपड बघून टोपली खाली ठेवत म्हणाली, "आन इकडे व बाई, मी धरस."

आम्ही दोघी परांचीवर चढलो. सूत ताणलं, सोडलं. रेघ उमटली आणि मधोमध खाली झुकली. ओल्या फडक्याने पुसली, आणखी ताणून मारली. पुन्हा तीच गत. सरुबाईने तर टोक मनगटाला गुंडाळून धरलं, तरी मध्ये झोळ आलाच. अशा रेघेवर नाव लिहिलं तर सगळी अक्षरं मधल्या खड्ड्यात घसरल्यासारखी दिसणार. ऊन चढलं. खालून घाटगे तिसऱ्यांदा विचारून गेले, "होईल ना ताई? परवा उद्घाटन आहे." भिंतीवर पुसलेल्या निळीचे डाग पडायला लागले आणि मला डोळ्यांपुढे आमचा माळा दिसायला लागला. आता रडू येणार, असं वाटलं.

तेवढ्यात रस्त्यापलीकडे नजर गेली. चहाच्या टपरीपाशी, सायकलीला टेकून, आमचे हे उभे. हातात कप, आणि नजर आभाळाकडे, जणू पाऊसपाणी बघायला आलेत. मी बघितलंय हे लक्षात आल्यावर मात्र त्यांच्यातल्या ओव्हरसियरला राहवलं नाही.

"मध्ये पोट येतंय!" ते तिथून ओरडले. "एवढं लांब सूत आपल्याच वजनाने झोळ खातं! मधोमध कुणीतरी अंगठ्याने दाबून धरायला हवं, मग दोन्हीकडे वेगवेगळी रेघ मारायची!"

माझं डोकंच फिरलं. इथे मी घामाने निथळतेय आणि हे चहा पीत रस्त्यापलीकडून शिकवणी घेताहेत! कुणीतरी म्हणे! तोंडात चांगलं खरमरीत आलं होतं, पण बाहेर पडलं ते भलतंच. परांचीचा बांबू धरून मी सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशी ओरडले,

"अहो! तमे नवरा छो के?"

टपरीवाला गुजराती. त्याला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. बाई सवड आहे का विचारतेय, विचारू दे. सरुबाईच्या हातातलं सूत मात्र सुटता सुटता राहिलं.

"आसं काय इचारतीस व माय?" ती घाबरून म्हणाली. "तुना नवराच शे ना तो?"

खात्याची जीप नेमकी त्याच वेळी रस्त्यावरून गेली, आतल्या कुणीतरी ह्यांना हात केला. ह्यांनीही हात केला. मग कप टपरीवर ठेवला, सायकल स्टँडला लावली, चपला काढून तिच्याशेजारी नीट ठेवल्या आणि पँट दुमडत रस्ता ओलांडून आले.

"आहे," परांचीच्या पायरीवर पाय ठेवत ते म्हणाले. "दोन्ही भाषांत."

भिंतीच्या मधोमध त्यांनी सुतावर अंगठा दाबला. सरुबाईने तिचं टोक ताणलं, मी माझं. चिमटीने ओढून सोडलं, आधी डावीकडे, मग उजवीकडे. रेघ अशी सरळ उमटली की मी तिच्याकडे नुसती बघत राहिले. ह्यांनी अंगठा उचलला तो निळाशार झाला होता. त्यांनी तो पँटला पुसला नाही.

गेल्या दहा-अकरा वर्षांत नरोलीपासून रांध्यापर्यंत मी भिंती रंगवल्या. कितीतरी भिंतींवर मधोमध, रेघेच्या जरा खाली, निळ्या अंगठ्याचा ठसा राहून जायचा. मी तो कधी पुसला नाही. हंसाबेन अजून गादीवरून तोच प्रश्न विचारते, आणि मी ब्रश धुता धुता सांगते, "ना बेन, आज नवरी नथी."